दारं शेजाऱ्याच्या नावाची

दिल्ली दरवाज्याजवळच्या टपरीवर पहिला चहा घेतला तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. भादव्यातला रविवार. हिमायत बागेकडून गार वारा येत होता. आम्ही तिघे होतो. मी, माझा एक शाळासोबती आणि गाडी चालवायला घेतलेला त्याचा भाचा. पोरगं विशीतलं, प्रश्न विचारणारं. कपावरून मान वर करत त्यानं दरवाज्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, दिल्ली इथून हजार किलोमीटरच्या वर. मग या दरवाज्याला दिल्लीचं नाव काहून?"

"कारण वाट तिकडं जाते," मामा म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. या दरवाज्यातून निघालेली वाट हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याला पोचते, तिथं घाट उतरून खानदेशात शिरते आणि तापीकाठच्या बऱ्हाणपुरावरून उत्तरेला जाते. आमच्या शहराचे दरवाजे असेच आहेत. पैठण दरवाजा, जालना दरवाजा, मक्का दरवाजा. घराच्या दारावर आपण आपलं नाव लावतो. जुनी शहरं मात्र वाट जिथं जाते त्या गावाचं नाव दाराला देत.

या गोष्टीचा पुरता अर्थ मला पुढे तिसऱ्या रविवारी, शंभरेक किलोमीटर लांबच्या एका पडक्या गडावर कळला. तिथं पोचायला आधी देवगिरीवरून जावं लागेल. संभाजीनगरच्या माणसाला ते चुकत नाही.

मिठाची पोती

आमच्याकडे पाहुणे आले की एका दिवसाचा ठरलेला फेरा असतो: दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. यजमान पाहुण्यांना गडाखाली सोडतो आणि स्वतः सावलीत सीताफळांचा भाव करत बसतो, कारण त्या सातशेच्या वर पायऱ्या तो शाळेच्या सहलीपासून चढत आलेला असतो. मीही त्यातलाच. या वेळी मात्र ठरवून पुन्हा चढलो.

शहरापासून पंधरा किलोमीटर. अंबरकोट, महाकोट, काळाकोट अशा तिहेरी तटातून आत शिरलं की हत्ती हौद, भारतमातेचं मंदिर आणि पंधराव्या शतकात बहमनी सुलतानानं उभारलेला, साठ मीटरहून उंच चांदमिनार. इथपर्यंत सगळं माणसांनी बांधलेलं. पुढे गडाची खरी करामत सुरू होते आणि ती बांधलेली नाही, तासलेली आहे. शंकूसारख्या डोंगराचा खालचा भाग सगळ्या बाजूंनी उभा तासून काढलाय, इतका की घोरपडीलाही नख रोवायला जागा नाही. पायाशी कातळात खोदलेला खंदक. तो ओलांडला की अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातून वळत वर जाणारं भुयार. वाटाड्यानं मोबाईलचा दिवा मालवला आणि म्हणाला, "आता चाला." पाच पावलांत माझी दिशा हरवली. इथून चुकलेला शत्रू थेट खंदकात जायचा, हे तो रोज सांगत असणार. ऐकताना पोटात गोळा मात्र नवाच येतो.

यादव राजा भिल्लम पाचवा यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची माणसं इथं आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. त्या माणसांत कवी इसामी आणि त्याचा नव्वदीचा आजा होता. आजा दिल्लीबाहेरच्या पहिल्या टप्प्यावरच वारला, नातू इथवर पोचला. त्यानं याच गावात बसून हिंदुस्थानच्या सुलतानांचा पद्यमय इतिहास लिहिला आणि १३५० मध्ये पहिल्या बहमनी सुलतानाला अर्पण केला. त्याच सुमारास येऊन गेलेल्या इब्न बतूतानं इथल्या तुरुंगातल्या मांजराहून मोठ्या उंदरांची आठवण लिहून ठेवली आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार होते. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव १६२९ मध्ये याच गडावर, निजामशाही दरबारात मारले गेले. शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह गोवळकोंडा पडल्यावर इथल्या चिनी महालात कैदेत राहिला आणि कैदेतच गेला. एका डोंगरावर एवढी माणसं, एवढ्या गोष्टी. २०२५ च्या एप्रिलमध्ये गडावर वणवा पेटला तेव्हा अख्खं शहर हळहळलं ते यामुळेच.

पण माथ्यावरच्या बारादरीत बसून मी दुसराच विचार करत होतो. इतका अवघड गड पडायचा कसा? १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी आला तेव्हा घाईघाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानानं वेढा घातला तेव्हा आत उपासमार झाली आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या मुलानं, फतहखानानं, गड देऊन टाकला. म्हणजे कातळ कधी हरला नाही, पोट हरलं. आणि शत्रू पायथ्याशी बसून तुमची भूक मोजायला लागला की लढाई संपलेलीच असते. ती त्याआधी, कुठेतरी वाटेतच व्हायला हवी होती.

वाटेत एक झालीही होती. अलाउद्दीन देवगिरीकडे येत असताना यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. एका घाटीत त्याला अडवलं ते कान्हा नावाच्या सामंतानं, आणि त्याच्या बाजूनं दोन स्त्रिया आपापल्या तुकड्या घेऊन लढल्या, असं इसामी लिहितो. ही घाटी अभ्यासक आजच्या लासूरच्या बाजूला धरतात. कान्हा हरला. त्या दोघींची नावंही उरली नाहीत.

देवगिरी हा वाडा. वाड्याला देवड्या हव्यात, देवडीवर पहारेकरी हवेत. त्या देवड्या कुठे आहेत हे पाहायला आम्ही दिल्ली दरवाज्यातून निघालो होतो.

जमीन संपते तिथे

नकाशात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली एक डोंगररांग दिसते: अजिंठा-सातमाळा. ही रांग म्हणजे पाणलोटाची रेघ. तिच्या दक्षिणेला पडलेला थेंब शिवना, पूर्णा करत गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेला पडलेला वाघूर, गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला. या रेघेवर अंतूर, सुतोंडा, जंजाळा, वेताळवाडी असे गड बसलेत. थोडं अलीकडे, फुलंब्री तालुक्यात लहुगड आहे. कातळात कोरलेलं महादेवाचं देऊळ असल्यामुळे तो गडापेक्षा देवस्थान म्हणूनच लोकांच्या ओळखीचा.

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला इथं आधी चकवा बसतो. तिकडे गड म्हणजे मान वर करून पाहायची गोष्ट. इथं तुम्ही सपाटीवरून, मका, कपाशी आणि आल्याच्या शेतांतून चालत असता, चढ असा नाहीच आणि एकाएकी जमीन संपते. समोर शेकडो फूट खाली खानदेश पसरलेला. पठाराची एखादी सोंड त्या पोकळीत पुढे आलेली असते आणि सोंडेवर गड. पठाराशी त्याचा संबंध एका अरुंद मानेपुरता. म्हणून गड बांधणाऱ्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर खंदक खोदून ती मान तोडली.

कन्नड तालुक्यातल्या नागापूरहून अंतूरला गेलो तेव्हा हे प्रथम डोळ्यांनी पाहिलं. आजूबाजूला गौताळा अभयारण्याचं रान, ओला पालापाचोळा, पायात घोळणारं गवत. मान तोडलेल्या ठिकाणी कातळाची उभी भिंत आणि तिच्यावर भलाथोरला बुरूज, कपाळावर आठ्या घालून उभा असल्यासारखा. आत शिरायचं तर बगलेनं वळसा घालून एकामागून एक तीन दरवाजे पार करावे लागतात. माथ्यावर तळं आहे, तळ्याकाठी दर्गा आहे. आम्ही गेलो तेव्हा दर्ग्यात ताजी फुलं होती आणि गडावर आमच्याशिवाय माणूस नव्हता.

पण अंतूरची मला सर्वांत आवडलेली वस्तू गडावर नाही, गडाच्या अलीकडे वाटेवर आहे. निजामशाहीच्या काळातला एक दगडी चौकोनी खांब. त्याच्या अंगावर फारसी अक्षरं आणि त्या अक्षरांत दिशा सांगितल्यात: कुठली वाट चाळीसगावला, कुठली बऱ्हाणपूरला, कुठली दौलताबादला. चारशे वर्षांपूर्वीचा हा रस्त्यावरचा फलक आहे. लढाईचं, राजाचं कौतुक करणारे शिलालेख आपण पुष्कळ पाहतो. हा दगड मात्र वाटसरूशी बोलतो. कुणी लमाण बैलांचा तांडा घेऊन आला असेल, कुणी हरकारा, कुणी सराफ, कुणी फौजेमागून पळणारा भिकारी. सगळ्यांना तो सारख्याच आवाजात सांगतो की बाबा, इकडून जा.

भाचा खांबाभोवती फिरून आला. "म्हणजे हा गड टोलनाकाच की!" तो म्हणाला. मामानं डोळे वटारले. मला मात्र ते पटलं.

तेहतीस वर्षांची सीमा

या गडांचा काळ समजून घ्यायचा तर चार सन पुरतात. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पुढच्याच वर्षी असीरगडासह खानदेश त्यांच्या हाती आला. बऱ्हाणपूर त्यांचं दख्खनचं ठाणं झालं. इकडे मलिक अंबरनं निजामशाही पुन्हा उभी केली, दौलताबादेत राजधानी आणली आणि १६१० मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. म्हणजे घाटाखाली मोगल, घाटावर निजामशाही आणि मधे ही रांग. १६३३ मध्ये दौलताबाद पडेपर्यंत, तेहतीस वर्षं, हे गड दोन सत्तांच्या सरहद्दीवर डोळ्यांत तेल घालून बसले होते.

मग १६३६ मध्ये निजामशाही संपली. घाटाच्या वर आणि खाली एकच बादशहा आला. या गडांचं कामच संपलं. दोन भावांच्या शेतांत बांध घालावा, पुढे सगळं रान एकाच्याच नावावर व्हावं आणि बांधाच्या दगडाकडे कुणी बघू नये, तसं झालं.

गंमत अशी की हा बांध पुन्हा एकदा जागा झाला. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि घाटावर हैदराबादच्या निजामाचं राज्य राहिलं; हा निजाम त्या जुन्या निजामशाहीतला नव्हे. कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला आजही खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या औट्रम साहेबाचं नाव आहे. निजामाचं जकात खातं, करोडगिरी, सरहद्दीवर मालाच्या गाड्या तपासायचं. भाच्याचा टोलनाका असा पुन्हा उघडला होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या हद्दीबाहेर कार्यकर्त्यांचे कॅम्प पडले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि बांध दुसऱ्यांदा निकामी झाला.

माणसांच्या ताटात तो अजून दिसतो. घाटाच्या वर बाजरीची भाकरी आणि ठेचा. घाट उतरून सोयगाव तालुक्यात आलात की कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. सोयगाव आमच्याच जिल्ह्यातलं, पण घाटाखालचं. बोलीला खानदेशी हेल.

जंजाळा दरवाजा, वेताळवाडी दरवाजा

दुसऱ्या रविवारी आम्ही बनोटीजवळच्या नायगावहून सुतोंड्यावर गेलो. तिथं खंदक खोदताना मधला कातळ राखून त्यातच दरवाजा कोरून काढलाय. वर पाण्याची टाकी इतकी की मोजता मोजता भाच्यानं नाद सोडला. डोंगराच्या अंगाला एक कोरीव लेणं आहे, त्याला गावकरी 'जोगवा मागणारीचं घर' म्हणतात. कोण कुठली जोगतीण? गडाच्या राजाचं नाव कुणी सांगेना, तिचं घर मात्र सगळ्यांना ठाऊक.

तिसऱ्या रविवारी हळदा घाट. उंडणगावहून सोयगावकडे उतरताना एका वळणावर वेताळवाडीचा गड असा समोर येतो की गाडी आपोआप थांबते. सगळ्या रांगेत याचा तट सर्वांत धड. डोंगराच्या अंगावर लपेटलेला, खाली धरणाचं पाणी. चढून दरवाज्याशी आलो. भिंतीत शरभ कोरलेला, उंच कमान, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. वर धान्याचं कोठार, टाकी, नमाजाची जागा, आणि उत्तर टोकाला दोन कमानींची एक मोकळी वास्तू. तिच्यात उभं राहिलं की सगळा खानदेश पायाखाली. पहाऱ्यावरच्या माणसाला इथं वारा खाण्याचं सुखही असणार आणि धुळीचा लोट दिसला की काळजात धस्स होणंही.

उतरताना मी गावातल्या एका पोराला विचारलं, "या दरवाज्याला काय म्हणतात?"

"जंजाळा दरवाजा."

"जंजाळ्याचा का?"

त्यानं हात केला. दरीपलीकडे एक लांबच लांब सपाट डोंगर होता. "तिकडं तोंड हाय ना त्याचं."

दुपारी आम्ही त्या डोंगरावर गेलो. अंभईवरून जंजाळा गाव आणि गावातून गडावर सपाटीनं चालत. चढ नाहीच. तटाची पडझड, मधे शेतं, गुरं, तळं. याच डोंगराच्या दरीत घटोत्कच लेणी आहेत. अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवणाऱ्या वराहदेवाचा, म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याचा, शिलालेख तिथंही आहे. गडाच्या आधी हजारेक वर्षं ही वाट भिक्षूंची होती, व्यापाऱ्यांची होती.

तटाजवळ एक म्हातारबाबा बकऱ्या राखत होते. आम्हाला निरखून पाहत म्हणाले, "धन पाहाया आले का काय?"

"नाही बाबा, गड पाहायला."

"गडात काय पाहाचं? दगडं हायेत." मग त्यांनाच राहवलं नाही. काठी टेकत पुढे झाले आणि पडक्या दरवाज्यापाशी थांबले. "हा येताळवाडी दरवाजा."

मी चमकलो. "आणि तिकडं वेताळवाडीच्या गडावर जंजाळा दरवाजा!"

"मंग! आमची अन् त्याहीची दारं एकमेकाकडं." बाबांना यात नवल वाटलं नाही. "माही लेक तिकडंच देली हाय, घाटाखाली. पह्यले इथून पायीच जायाचो. सकाळी निंगलं की उन्हं चढाच्या आत लेकीच्या दारात."

म्हणजे दोन गड समोरासमोर, आणि दोघांनीही आपल्या दाराला एकमेकांचं नाव दिलेलं. दिवसा धूर आणि रात्री मशाल इकडची तिकडे दिसत असेल. संकटात मदत कुठून येणार हे दाराच्या नावातच सांगून ठेवलेलं. आणि सीमा गेल्यावर, फौजा गेल्यावर, त्याच दारांतून लेकी-सुना येत-जात राहिल्या.

गोष्ट नसलेले गड

बाबांना सोडून निघालो तेव्हा मामानं विचारलं, "एवढं सगळं आहे, मग लोक येत का नाहीत?"

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही आणि त्यात अन्याय काही नाही, ही यादी शिवछत्रपतींच्या युद्धनीतीची आहे. भोसल्यांचं मूळ वेरूळ इथं असलं तरी स्वराज्याचे गड सह्याद्रीत उभे राहिले. मराठी माणूस गडावर जातो तो गोष्टीच्या ओढीनं. इथं हिरकणी उतरली, इथं तानाजी पडला. अंतूर-वेताळवाडीला अशी गोष्ट नाही. इथं कुणी एक वीर नाही. निजामशाही किल्लेदार, मोगल जमादार, भिल्ल वाटाडे, पाणी भरणाऱ्या बाया, यांपैकी कुणाचंच गाणं झालं नाही.

पण एका माणसाची गोष्ट नसली म्हणून गोष्टच नाही असं थोडंच आहे? इथली गोष्ट वाटेची आहे. ती एका गडावर दिसत नाही, चार गड ओळीनं पाहिले की दिसते. म्हणून माझं सांगणं एवढंच की देवगिरी पाहाच, पण त्याच महिन्यात एक तरी देवडी पाहा. त्याशिवाय तो एवढा तासलेला गड का पडला, हे कळत नाही.

जायचं तर श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत. दिवाळीनंतर कुसळं विजारीतून आत शिरतात, तेवढं सोसायचं. अंतूर अभयारण्यात आहे, गावातलं माणूस सोबत घ्यावं. पाणी घरून न्यावं, टाक्यांवर भरवसा ठेवू नये. कपारींत आग्या मोहळं असतात, तेव्हा धूर नको, आरडाओरडा नको. आणि धन शोधू नये. म्हातारबाबांसारखा भेटला तर तेच धन.

अंधारताना परत दिल्ली दरवाज्यापाशी आलो. रिक्षा, हातगाड्या, हॉर्न. सकाळचीच टपरी. चहा हातात घेऊन भाच्यानं पुन्हा वर पाहिलं. "मामा, आपण दिल्लीचं नाव दिलं. दिल्लीत आपल्या गावाचा दरवाजा असंल का?"

मी आठवून पाहिलं. शहाजहानच्या दिल्लीला लाहोरी दरवाजा आहे, काश्मिरी आहे, अजमेरी आहे. दख्खनच्या नावाचा नाही.

"नाही," मी म्हणालो.

पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "त्यापरीस आपला जंजाळा बरा."

आणि टपरीवाल्याला पैसे देता देता त्यानं मामाला सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला गाडी गडाखाली ठेवायची आणि म्हातारबाबा जायचे तसं, एका दारातून दुसऱ्या दारात पायी जायचं.